कोठीच्या दिशेला

पहिला फटका लुफेयोच्या खांद्यावर बसला, तेव्हा त्याची बहीण एलुबे कमरेभोवती गुंडाळलेल्या नव्या चितेंजेच्या कापडाची गाठ आवळत होती. दुसरा फटका पाइपाच्या तुकड्याचा होता. त्याचा आवाज निराळा आला, ओल्या लाकडात कुऱ्हाड रुतून बसावी तसा. शाळेच्या मैदानावरचे ढोल क्षणभर थांबले. जांभळ्या सदऱ्यातल्या एका पोराने ढोलवाल्यांकडे नुसते बोट केले, आणि ढोल पुन्हा सुरू झाले.

लुफेयो गुडघ्यांवर आला होता. चिपेरोनी वाऱ्याबरोबर आलेल्या धुक्याने गवत ओले होते आणि त्यात त्याचे तळहात घसरत होते.

"विचार की प्रश्न!" सायिलेसी त्याच्याभोवती फिरत ओरडत होता. पक्षाच्या पोरांचा, त्या जांभळ्या सदऱ्यांचा, तो म्होरक्या. "त्या दिवशी लई तोंड चाललं होतं तुझं. आता का दातखीळ बसली?"

तो दिवस मागच्या सभेचा. भाषण संपवताना ब्वाना मकुंगुलांनी सवयीप्रमाणे म्हटले होते, कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा. ते विचारण्यासाठी नसते हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. लुफेयो उठला. ओढ्याकाठची गावाची जमीन कुंपणात गेली, तो म्हणाला; त्याची तक्रार आम्ही खासदाराकडे करायची, मळ्याच्या मालकाकडे, की गिरणीवाल्याकडे? की एकाच दारावर तीनदा टकटक करायची? तिन्ही ब्वानाच होते. बसगाड्या त्यांच्या, रेडिओ त्यांचा, मतपेट्या ज्या ट्रकमधून जात तो ट्रकही त्यांचा. नुसता प्रश्न एक वेळ चालून गेला असता. पण लोक हसले. मागच्या रांगेतून निघालेले ते हसू मंचापर्यंत गेले. ब्वानाही हसले, आणि हसता हसताच त्यांनी शेजारच्या माणसाला या तरुणाचे नाव विचारले. त्यानंतर लुफेयोने ब्वानांच्या पुतण्याविरुद्ध कौन्सिलच्या जागेसाठी अर्ज भरला. आज तो पुन्हा मैदानावर आला होता, तोही पुढच्या रांगेत.

त्याने मान वर केली. खालचा ओठ मधोमध फाटला होता.

"तुझ्याच आईच्या वाफ्यावरून विचारलं होतं रे मी," तो सायिलेसीला म्हणाला. "कुंपणात तोही गेलाय."

सायिलेसीने त्याच्या तोंडावर लाथ मारली.

एलुबेला नाफिरी म्हातारीने मागून दंडाला धरले होते. एलुबेने तो हात कसा सोडवला हे तिला पुढे कधी आठवले नाही. बायकांची रांग फोडून ती धावली आणि भावाच्या अंगावर आडवी पडली. तिच्या पाठीत बूट बसले, बरगडीखाली काहीतरी टोकदार लागले, आणि मग मारणाऱ्यांना ती कोण आहे हे कळले असावे, कारण फटके तिला चुकवून पडू लागले. लुफेयोच्या कानामागे कातडी उघडली होती. तिने कमरेचे नवे चितेंजे ओढून काढले. आत जुने होतेच. नवे तिने त्याच्या डोक्याभोवती गच्च गुंडाळले आणि दोन्ही हातांनी दाबून धरले.

सकाळीच वाटलेले ते कापड. त्यावर ब्वानांचा चेहरा छापलेला होता, ताटाएवढा, पांढऱ्या टोपीसकट. वाटप चालले असताना बायका कापड अंगाला लावून बघत होत्या आणि नाफिरी म्हणाली होती, "कसंही नेसा गं, डोळे मांडीवर येतात आणि दात ढुंगणावर." बायका तोंडात कापड कोंबून हसल्या होत्या. आता तेच दात लाल होत चालले होते. रक्त आधी टोपीच्या कडेला आले, मग कपाळावर उतरले.

मारणारे हात थांबले. माणूस पडला तेव्हा ते थांबले नव्हते.

"ब्वानाच्या तोंडाला रक्त लावलं हिनं!" कुणीतरी म्हणाले, आणि त्या आवाजात खरोखरची भीती होती.

चौघांनी तिला उचलून बाजूला केले. एकाने लुफेयोच्या डोक्यावरून कापड उलगडले. चिकटलेल्या जागी त्याने ते हिसडले नाही, सावकाश सोडवले, जखमेसाठी नव्हे, कापड फाटू नये म्हणून. मग त्याने ते झटकले, घडी घातली, चेहरा आत राहील अशी, आणि सदऱ्याच्या आत छातीशी ठेवले. उघड्या जखमेसकट लुफेयोला पायांनी ओढत ते मैदानाच्या खालच्या अंगाला घेऊन गेले. तिथे शाळेची कोठी होती, मुलांच्या लापशीचा मका ठेवण्याची. पत्र्याचे दार उघडल्याचा आवाज झाला, मग लागल्याचा.

सायिलेसी मागे राहिला होता. त्याला धाप लागली होती. एलुबेने त्याला लहानपणापासून पाहिले होते; तो आणि लुफेयो एकाच ताटातली मक्याची न्सिमा खाऊन तिच्या अंगणात झोपी जायचे. तो खाली वाकला.

"ताई, ऊठ. तोंड धू."

"सोड त्याला."

"सोडीन ना. तू नीट गा, संध्याकाळी तुझ्या दारात आणून सोडतो. आपल्या पायांनी येईल." मग त्याने आवाज खाली केला. "ब्वाना राजधानीची माणसं घेऊन येतायत. तुझा गळा आज बसला तर माझ्या हातात काही राहायचं नाही. कळतंय ना तुला?"

तिने मान हलवली. तिला कळत होते. या गावात गाणे तिने उचलायचे आणि बाकीच्यांनी ते झेलायचे, अशी रीत तिच्या आईपासून चालत आलेली होती. लग्नात तीच, सभेत तीच, आणि कुणाच्या घरून शव निघाले तर तिथेही तीच. सायिलेसीची आजी गेली तेव्हा तिनेच गाणे उचलले होते. त्या वेळी ब्वानांची गाडी रस्त्याने चालली होती. गाणे कानावर पडताच ड्रायव्हरने इंजिन बंद केले, सगळी माणसे जिथे होती तिथे खाली बसली, आणि स्वतः ब्वाना उतरून टोपी काढून रस्त्याच्या धुळीत बसले होते, शवाच्या घराकडे तोंड करून, जसे सगळेच बसतात. गावात नंतर कितीतरी दिवस ती गोष्ट कौतुकाने सांगितली जात होती. खासदार झाला तरी चहा खुडणाऱ्या बाईच्या पोटचा आहे, लोक म्हणायचे. रीत विसरला नाही.

नळावर एलुबेने तोंड धुतले. नखांत गेलेले रक्त निघेना. नाफिरीने तिच्या कमरेला दुसरे नवे चितेंजे गुंडाळले आणि गाठ मारताना बोटे जरा जास्त वेळ तिथेच ठेवली.

"बरगडी दुखते का?"

"नाही."

"खोटं बोलू नको. श्वास खालून घेऊ नको मग, छातीतून घे. आणि लक्ष गाण्यावर ठेव. त्या बिचाऱ्या मास्तरणीसारखं नको व्हायला."

एलुबेने तिच्याकडे पाहिले. मास्तरणीचा नवरा मागच्या निवडणुकीत पलीकडच्या पक्षाची पत्रके वाटत होता. एका सकाळी तो दिसेनासा झाला, आणि जांभळ्या सदऱ्यांनी घरोघर सांगितले की तो जोनीला गेला, सोन्याच्या खाणीत काम धरायला. जोनीला जाणारे खूप असत. तिथून पैसे येत, निरोप येत, कधी पेटीतून शव येत असे. मास्तरणीकडे काहीच आले नाही. ती रडली तर शेजारी म्हणत, जिवंत माणसाला कशाला रडतेस. तिचा नवरा मेलेला नव्हता, म्हणून त्याचे गाणे झाले नाही, त्याला खड्डा खणला गेला नाही, आणि ती विधवाही झाली नाही. अजून ती संध्याकाळी दोन ताटे मांडते आणि एक झाकून ठेवते.

"लुफेयो जोनीला जायचा नाही," एलुबे म्हणाली.

"तेच म्हणते मी," म्हातारी म्हणाली. "म्हणून गा."

सराव सुरू झाला. ढोलांवर हात पडू लागले, बायकांचे पाय ओल्या मातीवर एका वेळी उतरू लागले, आणि एलुबे त्यांच्यापुढे मागे-पुढे सरकत 'ब्वाना आमचे छप्पर' हे गाणे उचलत राहिली. बायका ते झेलत होत्या. पण पायांखालून आणखी एक ठोका येत होता. तो ढोलाच्या मागोमाग यायचा, कधी ढोलाच्या आधी. बोथट, आणि त्याच्या शेवटी पत्रा थरथरायचा. कोठीचा पत्रा. पहिल्यांदा तिचे पाऊल चुकले. मग इतरांचीही पावले चुकू लागली. कुणी कुणाकडे पाहत नव्हते. ढोलवाल्याने तो ठोका बुडावा म्हणून जोराने वाजवायला सुरुवात केली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो डोळे मिटून वाजवत होता.

एकदा मधेच लुफेयोचा आवाज आला. शब्द नव्हता तो. वासराच्या पायावर गाडीचे चाक गेले होते तेव्हा तिने असा आवाज ऐकला होता. ती गात राहिली. गळा तिचा राहिलाच नव्हता. दुसऱ्या कुणाचा तरी जीव त्याला टांगलेला होता आणि तिला तो फक्त खाली पडू द्यायचा नव्हता.

मग ध्वनिक्षेपक बसवणाऱ्याने हात वर केला आणि ढोल थांबले. मैदानावर एकदम शांतता झाली. त्या शांततेत तिने कान दिला. पत्र्याचा आवाज येत नव्हता. ढोलांच्या गलक्यात तो कधी थांबला होता, हे तिला सांगता आले नसते.

सायिलेसी कोठीकडून वर आला तो सरळ नळावर गेला. त्याने कोपरापर्यंत हात धुतले. मग बूट काढले आणि पाय धुतले, घोट्यांच्या वरपर्यंत. ओंजळीत पाणी घेऊन त्याने ते खांद्यावरून मागे टाकले, न बघता, आणि तसाच अनवाणी तिच्या दिशेने चालत आला. थंडीने त्याची पावले पांढरट दिसत होती. त्याच्या हातात माइक होता. तो तिच्या हातात न देता त्याने तिच्या पायांशी जमिनीवर ठेवला.

एलुबे माइककडे पाहत राहिली. पाणी खांद्यावरून मागे टाकतात ते दफनावरून परतणारे. प्रेताला हात लावलेला माणूस, झाडपाल्याच्या पाण्याने शुद्ध होईपर्यंत, कुणाच्या हातात काही देत नाही. सायिलेसीच्या हे ध्यानातही आलेले नसावे. त्याच्या आजीने त्याला जे शिकवले होते ते त्याचे हात आपोआप करत होते.

"त्याला पाणी दिलंस का?" तिने विचारले.

"झोपलाय तो, ताई."

"भिंतीला टेकून, की आडवा?"

त्याच्या गळ्यात एक दोरी होती आणि तिला कोठीची किल्ली. ती त्याने सदऱ्याच्या आत सरकवली.

"हे बघ," तो म्हणाला, आणि त्याची नजर तिच्या कानाजवळून मागे कुठेतरी होती. "संध्याकाळच्या बसनं तो जोनीला जातोय. आमचं बोलणं झालंय. तिकडं माझा चुलता आहे, काम लावून देईल. इथं त्याचं काही खरं नव्हतं, तुलाही माहीत आहे. तिथून तो पैसे पाठवील तुला."

"हो," ती म्हणाली.

"गाशील ना?"

"गाईन."

तो वळला. तेवढ्यात सायरन ऐकू आला. मळ्यातल्या वळणावर चहाच्या झुडपांमागून एकेक काळी गाडी वर येऊ लागली. मळ्याला सुटी दिली होती. खुडणाऱ्या बायका, गिरणीवरचे हमाल, बसवाले, सगळ्यांना आणून मैदान भरले होते. मंचावरच्या माणसाने घोषणा दिली आणि मैदानाने ती परत केली. ब्वाना मकुंगुला उतरले. तीच पांढरी टोपी. कापडावरच्यापेक्षा ते लहान दिसत. राजधानीची माणसे त्यांच्यामागे मंचावर चढली, खुर्च्या सरकल्या. पण ब्वाना बसले नाहीत. बायकांचे स्वागत उभ्यानेच घ्यायचे असते. सदऱ्याला लावलेला छोटा माइक त्यांनी बोटाने टिचकी मारून पाहिला आणि एलुबेकडे बघून हसत मान डोलावली. दोघांचे वय जवळजवळ एकच होते. त्यांच्या दोघांच्या आया याच उतारावर शेजारशेजारच्या ओळींत चहा खुडत असत.

एलुबेने माइक जमिनीवरून उचलला. तिच्यामागे बायकांची रांग एका पायावर भार देऊन उभी होती. ढोलवाल्याचे तळहात कातड्यावर टेकलेले होते, पहिल्या शब्दाची वाट पाहत.

तिने छातीतून श्वास घेतला. बरगडीत कळ आली.

आणि तिने ते गाणे उचलले.

*दार उघडा, घरचा पाहुणा निघाला. वाट झाडा, त्याचे पाय नवे आहेत.*

सूर सावकाश होता आणि खालून येत होता. ढोलवाल्याचे हात कातड्यावरून उचलले गेले ते पुन्हा टेकलेच नाहीत. बायकांनी गाणे झेलले. झेलू की नको असा विचार त्यांच्यापैकी कुणी केला नसावा. ओळ संपली आणि त्यांच्या तोंडून पुढची निघाली, जशी आजवर प्रत्येक वेळी निघाली होती. मग गुडघे वाकले. नाफिरी आधी बसली, पाय लांब पसरून, आणि तिच्यामागोमाग सगळी रांग ओल्या जमिनीवर खाली आली. नव्या चितेंजेंवरचे सगळे पांढऱ्या टोपीचे चेहरे बायकांखाली चिखलात गेले.

लाट मैदानभर पसरली. बाप्यांच्या टोप्या निघाल्या. हमाल बसले, मळ्याचे मुकादम बसले. कडेला उभ्या असलेल्या बसगाड्यांची इंजिने एकेक करत बंद झाली आणि ड्रायव्हर पायऱ्यांवरून उतरून चाकांशी टेकले. दोघे पोलीस एकमेकांकडे बघून खाली बसले. जांभळ्या सदऱ्यांच्या हातात पाइप होते. ते थोडा वेळ उभे राहिले. मग तेही बसले, पाइप मांडीखाली लपवून.

पण कुणाची तोंडे कुणीकडे होती. शवाचे घर कोणते हे कुणालाच माहीत नव्हते. बसलेली माणसे मान वळवून शोधत होती, कुणी गावाकडे, कुणी दवाखान्याच्या छपराकडे. शव कुठे आहे?

सायिलेसी मैदानाच्या मधोमध होता. त्याच्या आजीचे गाणे होते ते. त्याच्या हातातला पाइप गवतावर पडला आणि तो आपल्या धुतलेल्या पायांवर खाली बसला, लहान मूल बसते तसा, गुडघे छातीशी घेऊन. तो मंचाकडे बसला नाही. मैदानाच्या खालच्या अंगाला, कोठीकडे तोंड करून बसला.

आधी त्याच्या जवळच्यांनी पाहिले. ते बसल्या जागी वळले. मग त्यांच्या मागचे वळले. त्यात आवाज काहीच नव्हता, फक्त ओल्या गवतावर कापड घासत होते. सायिलेसीने मान वर केली तेव्हा सगळे मैदान त्याच्या बाजूने कोठीकडे पाहत होते, त्या पत्र्याच्या दाराकडे आणि त्याच्यावरच्या कुलपाकडे. त्याचा हात गळ्यातल्या दोरीवर गेला आणि तिथेच थांबला.

मंचावर ब्वाना मकुंगुला अर्धे वाकलेले होते. पांढरी टोपी त्यांच्या छातीशी होती. ती आपण कधी काढली हे त्यांना आठवत नसावे, कारण ते तिच्याकडे अशा नजरेने पाहत होते, जणू ती कुणी दुसऱ्याने त्यांच्या हातात दिली आहे. राजधानीचा एक माणूस त्यांचे कोपर धरून उठवू पाहत होता. त्यांच्यासमोर फक्त पाठी होत्या, मैदान संपेपर्यंत.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच त्या माणसाला विचारले.

सदऱ्यावरचा माइक चालू होता. त्यांचा प्रश्न खांबाखांबावरच्या भोंग्यांतून बाहेर पडला, मैदानावरून गेला, आणि त्यांच्याच मळ्याच्या उतारांवर जाऊन परत आला. कुणी वळून पाहिले नाही. शव बाहेर येईपर्यंत वळून पाहायचे नसते, आणि टोपीही डोक्यावर घालायची नसते.

पहिले कडवे संपले. बायका थांबल्या. दुसऱ्या कडव्यात गेलेल्याचे नाव घ्यायचे असते, आणि ते गाणे उचलणारीनेच घ्यायचे असते.

एलुबेने माइक तोंडाजवळ आणला.